फिरत्या पात्यांचे छायाचित्र

हेलिकॉप्टरचे छायाचित्र काढणे हा एक छंद आहे. छंदावर व्याख्यानमालेच्या पुस्तकाची पाने कशाला खर्ची घालावयाची, असे कोणी विचारील. आणि कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने त्यावर लिहावे याचे तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु या छंदात मला माझ्या कामाचेच प्रश्न भेटले. यंत्राचे खरे चित्र कोणते? यंत्राची खरी नोंद कोण ठेवतो? आणि चित्र सुंदर यावे म्हणून किंमत कोणी मोजावयाची? या प्रश्नांची उत्तरे वैमानिकांनी, यंत्रजोडाऱ्यांनी आणि विमानांच्या साध्या शौकिनांनी आपसात वाटून घेतलेल्या छायाचित्रांत सापडतात. म्हणून हा विषय.

प्रथम यंत्र समजून घेऊ. विमानाला पंख असतात. ते वेगाने पुढे गेले म्हणजे पंखांवरून हवा वाहते आणि पंख विमानाला उचलून धरतात. हेलिकॉप्टरचेही तसेच आहे, मात्र त्याचे पंख डोक्यावर गोल फिरतात. प्रत्येक पाते हा एक अरुंद पंखच होय. सारे यंत्र जागच्या जागी उभे असले तरी पाते हवेतून धावत असते, म्हणून हेलिकॉप्टर धावपट्टीवाचून उचलले जाते आणि हवेत एका जागी थांबू शकते. पण क्रिया तेथे प्रतिक्रिया. मोठा पंखा एका दिशेने फिरू लागला की यंत्राचे धड उलट्या दिशेने फिरू पाहते. ते आवरण्यासाठी शेपटीवर एक लहान पंखा उभा बसविलेला असतो. इगॉर सिकॉर्स्की यांनी १९३९ साली अमेरिकेत जे यंत्र दोरखंडांनी बांधून प्रथम जमिनीवरून उचलले, त्यात हीच मांडणी होती आणि आजच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत तीच चालत आलेली आहे.

तेव्हा हेलिकॉप्टरचे सारे जीवित त्या फिरण्यात आहे. आणि छायाचित्रकाराची अडचणही तेथेच सुरू होते.

थोडे गणित करू. ते अवघड नाही. आपल्या वायुदलाकडे असलेले रशियन बनावटीचे मी-१७ हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या मोठ्या पंख्याला पाच पाती, व्यास २१ मीटरांहून थोडा अधिक, आणि पंखा मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला तीनांहून थोडे जास्त फेरे. ऐकावयास हे फार वाटत नाही. परंतु पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ६७ मीटर अंतर तोडते. म्हणजे त्याचा वेग ताशी ७५० किलोमीटरांच्या वर जातो. आता कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या एक हजाराव्या भागापुरतेच उघडले, तर तेवढ्या वेळात पंखा जेमतेम एक अंश फिरतो. चित्रात पाती लोखंडी पट्ट्यांसारखी स्वच्छ, ताठ, निश्चल दिसतात. शटर सेकंदाच्या ६० व्या भागाइतके उघडे ठेवले, तर पंखा १९ अंश फिरतो आणि प्रत्येक पात्याच्या जागी पंख्यासारखी पसरलेली धूसर छटा उमटते. पाती एकमेकांना मिळून पूर्ण चकती दिसावी अशी इच्छा असेल, तर एका पात्याने पुढच्या पात्याच्या जागी पोचेपर्यंत, म्हणजे सेकंदाचा सुमारे १६ वा भाग, थांबावे लागेल. व्हिएतनामच्या युद्धात गाजलेल्या ह्यूई हेलिकॉप्टरला दोनच पाती; ती मिनिटाला सुमारे ३२४ फेरे घेत. त्याची चकती पुरी होण्यास सेकंदाचा सुमारे ११ वा भाग हवा. शेपटीचा लहान पंखा याहून कितीतरी वेगाने फिरतो, म्हणून तो आधी धूसर होतो.

नवशिका छायाचित्रकार शटरचा वेग भरपूर ठेवतो. त्याचे चित्र काचेसारखे स्वच्छ येते. एकेक खिळा मोजून घ्यावा! पण जाणकार वैमानिक ते पाहून हसतो, कारण त्या चित्रात हेलिकॉप्टर उडत नसते. पाती थांबलेली, आणि धड हवेत टांगलेले. प्रत्यक्षात असे झाले तर ते यंत्र धोंड्यासारखे खाली येईल. चित्रातील प्रत्येक रेघ खरी, आणि तरीही सगळे चित्र खोटे. मी यंत्रमागाच्या कामगारांत वावरलेला माणूस आहे. मागावर धावणारा धोटा डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती नुसती त्याची झेप. माग बंद करून धोट्याचे चित्र घ्या आणि खाली ‘कामगार काम करीत आहे’ असे लिहा. कारखान्याच्या अहवालात ते शोभून दिसेल, पण मागावर उभा राहणारा माणूस ते मान्य करणार नाही.

म्हणून या छंदातील मुरलेली मंडळी मुद्दाम शटर मंद ठेवतात. त्याचा दंडही ती भरतात. शटर जितका वेळ उघडे, तितका हात हलण्याचा धोका अधिक. दूरचे दाखविणारे जड भिंग लावले असेल तर श्वासाचीही थरथर चित्रात उमटते. मग कोपरे छातीशी टेकवावयाची, कंबरेतून वळत हेलिकॉप्टरच्या गतीने कॅमेरा फिरवीत न्यावयाचा, आणि फिरवतानाच कळ दाबावयाची. कंप शोषून घेणारी भिंगे आता निघाली आहेत, त्यांचा उपयोग होतो. तरीही बरीचशी चित्रे बिघडतात आणि एखादेच साधते. धड स्पष्ट, पाती धूसर, असे ते एक चित्र पाहिले की आपोआप कानांत आवाज घुमू लागतो.

येथे मोबाइल फोनने काढलेल्या चित्रांविषयी सांगावयास हवे, कारण आता ती सर्वांच्या हाती आहेत. पुष्कळ फोनमधील कॅमेरा सारे दृश्य एका क्षणी टिपीत नाही. तो ओळीमागून ओळ, जणू वहीचे पान लिहीत जावे तसे, दृश्य उतरवितो. पहिली ओळ लिहून शेवटच्या ओळीपर्यंत येईतो पाते पुढे सरकलेले असते. म्हणून चित्रात पाती कोयत्यासारखी वाकडी दिसतात, कधी धडापासून तुटून तरंगताना दिसतात. यंत्रात बिघाड नसतो. चलच्चित्रात याहून गंमत होते. जुन्या चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच प्रकार हेलिकॉप्टरचा: दोन चित्रांमधील अवधीत प्रत्येक पाते बरोबर पुढच्या पात्याच्या जागी येऊन पोचले, तर पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि यंत्र पात्यांची हालचाल न होताच आकाशात चढते. डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे, हा नियम येथे चालत नाही. कॅमेरा कसा पाहतो हे ठाऊक असेल तरच चित्राची साक्ष घेता येते.

मंद शटरने दाखविलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २००९ साली अफगाणिस्तानात मायकेल यॉन या अमेरिकन लेखक-छायाचित्रकाराने रात्रीच्या अंधारात उतरणाऱ्या हेलिकॉप्टरांची चित्रे घेतली. शटर बराच वेळ उघडे होते. त्या चित्रांत पात्यांच्या भोवती सोनेरी प्रकाशाची वर्तुळे दिसतात, एखाद्या देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तशी. हा प्रकाश येतो कोठून? पात्याची पुढची कड झिजू नये म्हणून तिच्यावर टायटॅनियम किंवा निकेल अशा धातूची पट्टी बसविलेली असते. वाळवंटात उतरताना धुळीचे लोट उठतात. प्रचंड वेगाने धावणाऱ्या त्या कडेवर वाळूचे कण आदळतात, धातूचे सूक्ष्म कण खरवडून निघतात आणि हवेत पेटतात. सहाणेवर चाकू धरला की ठिणग्या उडतात, त्याच जातीचे हे काम आहे. जुलै २००९ मध्ये त्याच युद्धात मरण पावलेल्या बेंजामिन कॉप या अमेरिकन आणि जोसेफ एचेल्स या ब्रिटिश सैनिकांची नावे यॉन यांनी या प्रकाशाला दिली. म्हणून ‘कॉप-एचेल्स परिणाम’ हे नाव रूढ झाले.

चित्र पाहणारा म्हणतो, किती सुंदर! तेच चित्र पाहून यंत्रजोडारी म्हणतो, पट्टी झिजली. दोघेही खरे बोलतात. परंतु सौंदर्य पाहणाऱ्याला झिजेची आठवण करून देणे हे माझ्यासारख्याचे काम आहे. त्या प्रभावळीतील प्रत्येक ठिणगी म्हणजे पात्यावरून गेलेला धातू होय, आणि तो गेला आहे की नाही हे सकाळी शिडीवर चढून, कडेवर हात फिरवून कोणीतरी तपासावयाचे असते.

असा माणूस चित्रात यावा, हे क्वचितच घडते. ते घडविले लॅरी बरोझ या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ब्रिटिश छायाचित्रकाराने. ३१ मार्च १९६५ रोजी व्हिएतनाममधील दा नांग येथून निघालेल्या ‘यांकी पापा १३’ या हेलिकॉप्टरमधून तो गेला. त्याने एक कॅमेरा यंत्राच्या बाहेरच्या बाजूला बंदुकीजवळ बांधला, त्याचे तोंड आतल्या बाजूला केले आणि दारातील माणूस त्यात धरला. तो माणूस म्हणजे एकवीस वर्षांचा क्रू चीफ जेम्स फार्ली. यंत्राची निगा राखणे हे त्याचे काम, आणि उड्डाणात दाराशी बंदूक चालविणे हेही त्याचेच. त्या दिवशी गोळीबारात पडलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या माणसांना वाचविण्यासाठी हे यंत्र खाली उतरले. आत घेतलेला एक जखमी अधिकारी वाटेतच मरण पावला. परतल्यावर कोठाराच्या खोलीत तोंड लपवून रडणारा फार्लीही बरोझने टिपला. १६ एप्रिल १९६५ च्या अंकात ही चित्रे छापली गेली. युद्धाची चित्रे पूर्वीही निघत होती, पण येथे सेनापती नव्हते, झेंडे नव्हते. यंत्राजवळ राबणारा एक तरुण होता. बरोझ स्वतः १० फेब्रुवारी १९७१ रोजी लाओसच्या आकाशात हेलिकॉप्टरवर झालेल्या माऱ्यात मारला गेला. त्याच यंत्रात आंरी ह्युए, केंट पॉटर आणि केइसाबुरो शिमामोतो हे तीन छायाचित्रकार होते; तेही गेले.

नामवंतांची गोष्ट झाली. पण त्या युद्धात सुमारे १२ हजार अमेरिकन हेलिकॉप्टरे वापरली गेली आणि त्यांतील सुमारे ५ हजार नष्ट झाली. इतक्या यंत्रांची कथा एकदोन छायाचित्रकारांच्या हातून कशी सांगून होणार? ती सांगितली वैमानिकांनी आणि जोडाऱ्यांनी खिशातील साध्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या चित्रांनी. युद्धानंतर वर्षानुवर्षे ही चित्रे घरच्या पेट्यांत पडून होती. पुढे वैमानिकांनी आपली संघटना बांधली, मेळावे भरविले, आणि चित्रे एकमेकांच्या हाती दिली. चित्रांच्या अदलाबदलीत त्यांची नजर प्रथम जाते ती शेपटीवरील क्रमांकाकडे. वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी संग्रहालयात एक ह्यूई ठेवलेले आहे. त्याचा क्रमांक ६५-१०१२६. पहिले दोन आकडे ज्या सरकारी वर्षाच्या खरेदीतील ते यंत्र, ते वर्ष सांगतात. असा क्रमांक ठाऊक झाला की ते यंत्र कोणत्या तुकडीत होते, कोणी चालविले, कोठे पडले, याचा माग निघू शकतो. एका जुन्या चित्रातील चार आकडे, दुसऱ्याच्या चित्रातील झाडांची रांग आणि तिसऱ्याची आठवण जुळली, म्हणजे एखाद्या मृत सोबत्याचा शेवटचा दिवस उभा राहतो. सरकारी दप्तरात यंत्र ‘नष्ट’ एवढाच शेरा असतो. माणसांचे काय झाले ते सोबत्यांच्या चित्रांत असते.

नागरी यंत्रांनाही अशीच चिन्हे असतात. भारतातील नोंदणी झालेल्या प्रत्येक नागरी विमानावर व हेलिकॉप्टरवर ‘व्हीटी’ ही अक्षरे आणि पुढे तीन अक्षरे असतात. विमानशौकीन कुंपणाबाहेर तासन् तास उभा राहून हीच अक्षरे वहीत टिपतो, चित्र काढतो, दिनांक घालतो. शेजाऱ्यांना हे वेड वाटते. कधी पोलिसांनाही ते वेड न वाटता कट वाटतो. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे १२ ब्रिटिश आणि २ डच शौकिनांना पकडण्यात आले. वहीत विमानांचे क्रमांक लिहिण्याचा छंद न्यायाधीशांना समजावून सांगणे कठीण गेले. एप्रिल २००२ मध्ये हेरगिरीवरून त्यांना शिक्षा झाल्या. अपिलात नोव्हेंबर २००२ मध्ये सारे निर्दोष सुटले.

त्याच सुमारास या वह्यांचे मोल जगाला दुसऱ्या बाजूने कळले. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने संशयितांना पकडून खटल्यावाचून एका देशातून दुसऱ्या देशात गुपचूप नेण्याचा प्रकार चालविला होता. त्यासाठी वापरलेल्या विमानांचा माग काढताना पत्रकारांना निरनिराळ्या विमानतळांवरील शौकिनांची चित्रे आणि टिपणे उपयोगी पडली. एन३७९पी या क्रमांकाचे विमान कोणत्या दिवशी कोठे उभे होते, हे कोणा अधिकाऱ्याने सांगितले नाही. छंद म्हणून उभ्या असलेल्या माणसाच्या चित्राने सांगितले. पुढे युरोपच्या परिषदेतर्फे डिक मार्टी यांनी चौकशी केली आणि २००६ साली अहवाल दिला.

यावरून कोणी लष्करी तळाच्या भिंतीवर चढून कॅमेरा रोखावा, असे माझे म्हणणे नव्हे. आपल्याकडे १९३७ साली केलेल्या विमान नियमांतील १३ व्या नियमाने सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून चित्र काढण्यास मनाई केली. पुढे प्रवाशांपुरती सवलत देण्यात आली. नाशिकला सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे शिक्षण चालते, जुहूला नागरी हेलिकॉप्टरांचा मोठा राबता आहे. तेथे कॅमेरा काढण्यापूर्वी विचारावे, नाही म्हटले तर तो पिशवीत ठेवावा. देशाच्या रक्षणासाठी काही गोष्टी झाकाव्या लागतात. पण ज्याला झाकावयाचे कारण फक्त लाज किंवा नफा आहे, त्यालाही ‘सुरक्षितता’ हेच नाव देण्याची सवय सत्तेला फार लवकर लागते. ही सवय ओळखावयास शिकले पाहिजे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग. हेलिकॉप्टरचे चित्र काढणे एक, आणि हेलिकॉप्टरमधून चित्र काढणे दुसरे. न्यूयॉर्क शहरात दारे काढून टाकलेल्या हेलिकॉप्टरांतून प्रवाशांना छायाचित्रणासाठी फिरविण्याचा धंदा चालत असे. पाय बाहेर सोडून बसावयाचे, खाली दिव्यांचे शहर, आणि आपल्या बुटांसह त्याचे चित्र! अशी चित्रेच त्या धंद्याची जाहिरात होती. माणूस बाहेर पडू नये म्हणून त्याला पट्ट्याने आत बांधत. पट्ट्याची कडी पाठीमागे, कुलूपबंद. स्वतःच्या हाताने सुटणे जवळजवळ अशक्य. ११ मार्च २०१८ च्या संध्याकाळी अशा एका उड्डाणात पुढे बसलेल्या प्रवाशाच्या पट्ट्याचे लोंबते टोक जमिनीलगतच्या इंधन बंद करण्याच्या दांड्यात अडकले. इंजिन बंद पडले. वैमानिकाने यंत्र ईस्ट नदीच्या पाण्यावर उतरविले, पण तरंगविणाऱ्या पिशव्या सारख्या फुगल्या नाहीत आणि यंत्र उलटले. वैमानिक सुटला. पाचही प्रवासी पट्ट्यांत बांधलेले राहिले आणि बुडून मेले. अमेरिकेच्या सरकारी चौकशीने २०१९ साली ही सारी कारणे नमूद केली.

या हकिकतीतील एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्या आधी काही महिने वैमानिकांनीच अधिक चांगले, चटकन सुटणारे पट्टे मागितले होते. वरिष्ठांना लेखी इशारे दिले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. अपघातानंतर काही दिवसांतच, झटक्यात सुटणारा पट्टा नसेल तर असे उड्डाण करू नये, असा हुकूम सरकारने काढला. म्हणजे उपाय ठाऊक होता, आणि तो सांगणारी माणसे रोज त्याच यंत्रात बसत होती. कारखाना कोणताही असो, धोका प्रथम दिसतो तो यंत्राजवळच्या माणसाला. तो बोलला तर त्याला कुरकुऱ्या म्हणतात, न बोलला तर अपघातानंतर बेसावध म्हणतात.

हे दूरच्या शहराचे झाले असे समजू नये. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली तेल सापडले. तेव्हापासून मुंबई हायच्या फलाटांवर काम करणारी कितीतरी माणसे कामाची पाळी करण्यासाठी हेलिकॉप्टरने जातात-येतात. आपण बसने जातो तशी ती समुद्रावरून जातात. ऑगस्ट २००३ मध्ये असे एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून २७ माणसे गेली. जानेवारी २०१८ मध्ये सात गेली. जून २०२२ मध्ये नऊ जणांपैकी चार गेली. त्यांना हेलिकॉप्टर हा छंद नव्हता. ती त्यांची कामावर जाण्याची वाट होती.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच. हेलिकॉप्टरचे एखादे देखणे चित्र हाती आले तर ते अवश्य न्याहाळावे. देखणेपणाचा आनंद घेण्यात पाप नाही. पाती धूसर आहेत का पाहावे. असतील तर चित्रकाराने प्रामाणिकपणे कष्ट घेतले आहेत. शेपटीवरचा क्रमांक वाचावा. त्या यंत्राला इतिहास आहे. दारात, चाकाशी, शिडीवर कोणी माणूस दिसतो का ते शोधावे. आणि दिसला नाही, तर चित्राच्या चौकटीबाहेर तो कोठे उभा असेल याचा विचार करावा. तेथे तो असतोच. तो काही सांगू पाहत असेल, तर पाती सुरू होण्यापूर्वी त्याचे ऐकून घेणे शहाणपणाचे आहे.